बावीस विरुद्ध बावीस

(डिसेंबर २०२५मध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आत्ता माझी ओळख ‘महिला फुटबॉलच्या अभ्यासक’ अशी करून दिली, तेव्हा मी मागे वळून पाहिलं, आणखी कोणी आलंय का म्हणून. मी अठ्ठावीस वर्षं एका वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर उपसंपादक होते. उपसंपादक म्हणजे दुसऱ्यानं पोटतिडकीनं लिहिलेलं कापणारा प्राणी. त्यामुळे आज मला कोणी मध्येच कापलं तर तक्रार करायचा अधिकार मला नाही. आयोजकांनी हे फार मनावर घेऊ नये.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘महिला फुटबॉलच्या पात्रता स्पर्धा: रचना आणि सुधारणा’. भारदस्त आहे. मी त्याच्याकडे येणारच आहे. त्याआधी जरा हात वर करा. फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना कोणी कोणी पाहिलाय? वा, सगळं सभागृहच. आता महिलांचा पात्रता फेरीतला एक अख्खा सामना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कोणी पाहिलाय? चार. त्यातला एक हात डोकं खाजवायला वर गेलाय. म्हणजे तीन.

तुम्हाला दोष नाही. आमच्या पानावर या सामन्यांना जागाच नसायची. बातमी आली की वरून आवाज यायचा, “क्वालिफायर ना? पात्र ठरल्या की मग बघू.” मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की पुढेपुढे नव्या मुलांना मीच म्हणायला लागले. निवृत्त झाल्यावर निवांतपणे जुने निकाल चाळत बसले, तेव्हा लक्षात आलं की ज्या बातम्या मी दोन ओळींत बसवल्या, त्यातच सगळी गंमत होती. आजचं बोलणं हे एका परीनं त्या कात्रीचं प्रायश्चित्त आहे.

सुरुवात आझब्रुकपासून करते. उत्तर फ्रान्समधलं छोटं गाव. १७ एप्रिल १९७१. फ्रान्स विरुद्ध नेदरलँड्स. फ्रान्सनं सामना ४-० असा जिंकला, त्यातले तीन गोल जोसलीन रातिन्ये या एकटीचे. फिफाच्या नोंदीत महिलांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना तो हाच. पण हा सामना होता कशासाठी? त्याच वर्षी मेक्सिकोत महिलांचा विश्वचषक भरणार होता, त्याची पात्रता फेरी म्हणून. आणि तो मेक्सिकोचा विश्वचषक फिफाला आजही मान्य नाही!

म्हणजे बघा, साखरपुडा रजिस्टरला नोंदवलाय, पण लग्नाला घरचे लग्न म्हणायलाच तयार नाहीत.

आणि लग्न काही गुपचूप झालं नव्हतं. त्या चार गोलांच्या जोरावर फ्रान्स मेक्सिकोला गेला. एकूण सहा संघ. मैदान कुठलं, तर अझटेका, जिथे आदल्याच वर्षी पेलेनं विश्वचषक उचलला होता ते. गोलचे खांब गुलाबी पट्ट्यांनी रंगवलेले, कारण बायकांची स्पर्धा म्हटल्यावर संयोजकांना रंग एकच सुचतो, तेव्हाही आणि आत्ताही. अंतिम सामन्यात डेन्मार्कनं मेक्सिकोला ३-० हरवलं. तिन्ही गोल सुसान ऑगस्टेसनचे, वय वर्षं पंधरा. प्रेक्षक सुमारे एक लाख दहा हजार! आपल्याकडे कार्यक्रमाला गर्दी झाली की आयोजक आकडा फुगवून सांगतात, हे मला ठाऊक आहे. पण त्या सामन्याचं चित्रण आहे, आणि तिथे रिकामी खुर्ची शोधावी लागते.

इंग्लंडहूनही एक संघ गेला होता. त्यातली सगळ्यात धाकटी खेळाडू तेरा वर्षांची. या मुली लाखाच्या गर्दीत खेळल्या, रस्त्यावर लोकांनी त्यांच्या सह्या घेतल्या. मायदेशी परतल्यावर त्यांच्या हातात काय पडलं? खेळण्यावर बंदी. कारण स्पर्धा अनधिकृत. त्यानंतर फिफाला स्वतःचा महिला विश्वचषक भरवायला वीस वर्षं लागली. १९९१, चीन, बारा संघ. आणि सामने किती मिनिटांचे? नेहमीच्या नव्वदऐवजी ऐंशी. दहा मिनिटं कुणाच्या काळजीपोटी वाचवली, हे तुम्हीच ओळखा.

ही गोष्ट मी जिथे जाते तिथे सांगते. माझी मुलगी म्हणते, आई, तुझं व्याख्यान कुठल्याही विषयावर असो, गाडी आझब्रुकवरून जाते. जाते. कारण माझं म्हणणंच ते आहे: महिला फुटबॉलमध्ये सामना मैदानावर खेळला जातो आणि तो मोजायचा की नाही, हे टेबलावर ठरतं.

आपलंच उदाहरण घ्या. जानेवारी २०२२, महिलांचा आशियाई फुटबॉल चषक आपल्याकडे. आशियातल्या संघांसाठी विश्वचषकाची पात्रताही हीच. यजमान म्हणून थेट प्रवेश. नवी मुंबईत पहिला सामना इराणशी, ०-०. मग संघात कोविड शिरला. चिनी तैपेईविरुद्धच्या, म्हणजे तैवानच्या संघाविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी नियमाप्रमाणे लागणारे किमान तेरा खेळाडू उभे करता येईनात. यजमान संघ आपल्याच घरच्या स्पर्धेतून बाद, आणि इराणशी झालेली ती बरोबरीसुद्धा निकालातून पुसली गेली. आझब्रुकचा सामना मोजला, स्पर्धा मोजली नाही. इथे स्पर्धा मोजली, आपला सामना मोजला नाही. गेल्या महिन्यात २ नोव्हेंबरला त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. तुम्ही नाचलात, मीही नाचले. नाचताना मला ती तेराची अट आठवत होती. असो. क्रिकेटवर एक वाक्य बोलल्याशिवाय मराठी सभागृहातून सुटका नसते, ते बोलून झालं.

त्याच स्पर्धेतली दुसरी गोष्ट. ३० जानेवारी २०२२, पुण्यात बालेवाडीला फिलिपाइन्स विरुद्ध चिनी तैपेई. १-१, मग पेनल्टी. सरीना बोल्डेननं निर्णायक पेनल्टी मारली आणि फिलिपाइन्स विश्वचषकाला पात्र ठरला. पुरुष धरा, महिला धरा, त्या देशाच्या इतिहासातला पहिला फुटबॉल विश्वचषक. आठवड्यानं नवी मुंबईत व्हिएतनामनंही पहिल्यांदाच तिकीट मिळवलं. दोन देशांच्या इतिहासातले हे दिवस आपल्या दाराशी घडले, आणि कोविडमुळे स्टेडियमचे दरवाजे बंद. त्याच बोल्डेननं पुढच्या वर्षी वेलिंग्टनमध्ये यजमान न्यूझीलंडला एकमेव गोलनं हरवलं, तेव्हा जगभर मथळे झाले. पुण्यातल्या त्या पेनल्टीचा मथळा आपल्याकडे कोणी केला? मी निवृत्त झाले होते, त्यामुळे निदान ती बातमी मी कापलेली नाही.

आता प्याँगयांग. ही गोष्ट लांबते, पण टाळता येत नाही. एप्रिल २०१७, आशियाई चषकाची पात्रता. एकाच गटात उत्तर कोरिया, दक्षिण कोरिया आणि आपण, शिवाय हाँगकाँग आणि उझबेकिस्तान. गटातून एकच संघ पुढे. सामने उत्तर कोरियाच्या राजधानीत. दक्षिण कोरियाच्या मुली तिथे जाऊन खचाखच भरलेल्या स्टेडियमसमोर खेळल्या, त्यांचं राष्ट्रगीत तिथे वाजलं. सामना १-१ बरोबरीत सुटला. दोघांचे बाकी सगळे सामने जिंकलेले, म्हणजे गुण सारखे. मग निकाल लागणार कशावर? गोलफरकावर. म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल. आणि तो फरक आला कुठून? उत्तर कोरियानं आपल्याला हरवलं होतं ८-०. दक्षिण कोरियानं १०-०.

हसू नका. म्हणजे हसा, मीही हसले होते. पण त्या फरकातले दोन गोल आपल्या जाळ्यातले. उत्तर कोरियासारखा आशियातला एक बलाढ्य संघ त्यामुळे आशियाई चषकाला मुकला आणि ओघानंच २०१९च्या विश्वचषकालाही. दोन कोरियांमधला प्रश्न सुटला, तो आपली बचावफळी किती दमली होती यावरून. ही पात्रता आहे की वजनकाटा? दोन वर्षांनी म्यानमारमधल्या मंडालेत ऑलिंपिकच्या पात्रतेत आपण इंडोनेशियाला हरवलं, नेपाळला हरवलं, म्यानमारशी ३-३ बरोबरी केली, आणि गेलो घरी. कशावर? गोलफरकावर. फिरून सगळं जागेवर येतं.

चिठ्ठी आली. ‘७ मिनिटे’. खाली दोन रेघा मारल्यात. ठीक आहे, आता रचना आणि सुधारणा, एका दमात.

यंदाच्या जून-जुलैमध्ये आशियाई चषकाची पात्रता झाली. चौतीस संघ, आठ गट, प्रत्येक गट एका शहरात, फार तर तेरा दिवसांत आटोपलेला, गटातून फक्त पहिला संघ पुढे. आपण चियांग माईला होतो. मंगोलिया १३-०, तिमोर-लेस्ते ४-०, इराक ५-०. बेरीज बावीस, खाल्लेला गोल एकही नाही. यजमान थायलंडनं याच तिघांना ११-०, ४-० आणि ७-० हरवलं. बेरीज? बावीस. खाल्लेला एकही नाही. गुण सारखे, गोलफरक सारखा, केलेले गोलसुद्धा सारखे. शेवटची लढत बरोबरीत सुटली असती तर थेट पेनल्टी. म्हणजे दोन्ही संघांनी मिळून चव्वेचाळीस गोल केले आणि त्यातून काहीच ठरलं नाही. ५ जुलैला एक सामना झाला, त्यात संगीता बासफोरनं पूर्वार्धात एक आणि चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला दुसरा गोल केला, २-१, आणि भारत पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशियाई चषकाला गेला. तीन दिवस आधी यांगूनमध्ये बांगलादेशनं यजमान म्यानमारला हरवलं, तेही २-१, दोन्ही गोल ऋतुपर्णा चाकमाचे. बांगलादेशचीही ही पहिलीच वेळ.

मंगोलियाविरुद्धच्या तेरांपैकी पाच गोल आपल्या प्यारी शाशाचे. थायलंडच्या जुन्या खेळाडूंना हे आकडे ओळखीचे वाटले असतील. २०१९च्या विश्वचषकात फ्रान्समधल्या रॅन्सला अमेरिकेनं त्यांना बरोबर १३-०नं हरवलं होतं, आणि त्यातले पाच ॲलेक्स मॉर्गनचे. पुढच्या सामन्यात स्वीडननं पाच मारले, पण शेवटच्या क्षणी थायलंडचा एक गोल झाला आणि त्यांच्या व्यवस्थापक बाई बाकावर ढसाढसा रडल्या. मंगोलियाला तर तसा एक गोलही मिळाला नाही.

युरोपात हेच व्हायचं. नोव्हेंबर २०२१, विश्वचषक पात्रता, इंग्लंड २०, लाटविया ०. एका सामन्यात चौघींच्या हॅटट्रिक. २०२३मध्ये युरोपनं महिलांसाठी नेशन्स लीग सुरू केली. तीन श्रेणी, वर जायची आणि खाली यायची सोय, आणि पात्रता त्याच श्रेणींना जोडलेली. माझं म्हणणं, आशियानंही हे करावं. मंगोलियाला मंगोलियाच्या तोडीचे चार सामने द्या. भारत, थायलंड, म्यानमार, नेपाळ यांना एकमेकांत खेळवा.

आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं: एक सामना घरी, एक बाहेर. पुरुषांना हे मिळतं. सुनील छेत्रीनं निरोप घेतला तो ६ जून २०२४ला कोलकात्यात, भरल्या स्टेडियमसमोर, विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात. आता महिलांचं बघा. २०१७ प्याँगयांग, २०१९ मंडाले, २०२३ ताश्कंद, २०२५ चियांग माई. यातल्या एखाद्या खेळाडूला घरच्यांसमोर निरोप घ्यायचा असता तर कुठल्या तारखेला घेणार होती?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, खर्च. खरा आहे, एका शहरात सगळे उरकणं स्वस्त पडतं. पण आजूबाजूच्या देशांची श्रेणी केली तर प्रवास तरी आवाक्यात येतो, आणि घरच्या सामन्याला तिकीट लावता येतं. दुसरा आक्षेप, घरी खेळून काय होतं? यंदाच्या आठ यजमानांपैकी पात्र ठरले दोनच, व्हिएतनाम आणि उझबेकिस्तान. त्यातही उझबेकिस्तान नेपाळशी ३-३ बरोबरीनंतर पेनल्टीवर सुटला. मान्य. घरी खेळून जिंकता येतंच असं नाही. मी जिंकण्याबद्दल बोलतच नाहीये. मघाशी तीनच हात वर आले, त्याबद्दल बोलतेय.

श्रेणीमुळे दुबळ्या संघांना मोठ्या संघांशी खेळायलाच मिळणार नाही, असा तिसराही एक आक्षेप आहे. त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर आहे, पण अध्यक्ष उभे राहिलेत. ते प्रश्नोत्तरांत विचारा.

एकच मिनिट, बसू नका अजून. पेन काढा. आशियाई चषक मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात, आणि तीच २०२७च्या ब्राझील विश्वचषकाची पात्रता. तिथून सहा संघ थेट जाणार. आपले सामने: ४ मार्च व्हिएतनाम, ७ मार्च जपान, दोन्ही पर्थला. १० मार्च चिनी तैपेई, सिडनी. हो, तीच तैपेई, जिच्याशी नवी मुंबईत खेळायचं राहून गेलं होतं. पर्थचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं, हिशेब तसा करा.