सोळा रस्ते, एक गोल

(पहाट. गंजगोलाईची वर्तुळाकार इमारत. एक हातगाडा कॅमेऱ्यासमोरून खडखडत जातो.)

लातूरच्या माणसाला गोल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. गंजगोलाई त्याच्या गावाच्या मधोमधच बसली आहे. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आराखडा काढला आणि १९१७ मध्ये ही दुमजली इमारत उभी राहिली. आत अंबाबाईचं देऊळ, आणि भोवताली येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठं सोनं, कुठं चपला, पुढं मिरची, गूळ. बार्शी लाईट रेल्वे लातूरला पोचून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. बाजारात माल यायचा तो बैलगाडीनं. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर फार तर गाडीवानांची तोंडातोंडी व्हायची.

(सकाळचे अकरा. तीच जागा. हॉर्न.)

आता मोटारसायकली, ऑटो, छोटा हत्ती. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी दहा मिनिटं उभं राहा आणि एवढंच बघा, की कोण कोणासाठी थांबतो. गोलात फिरणारा थांबतो. बाहेरून येणारा पुढचं चाक घुसवतो, मग दुसरं, आणि झाली वाट. एक ऑटोवाले मामा म्हणाले, "चाक पुढं टाकल्याबिगर कोण जागा द्यायलंय?"

मामांची ही रीत एकेकाळी पॅरिसलाही कायदेशीर होती. नव्हे, तिथल्या आर्क द ट्रायम्फ या कमानीभोवती अजूनही आहे. बारा रस्ते, आणि आत शिरणाऱ्याला मान. मग गोल भरत जातो, बाहेर कुणाला पडता येत नाही, आणि आतले बाहेर पडत नाहीत म्हणून बाहेरचेही अडकतात. ब्रिटननं १९६६ मध्ये हे उलटं केलं. गोलात जो आधीपासून आहे त्याचा हक्क पहिला, शिरणाऱ्यानं थांबायचं. मधला दगड तोच राहिला, बदलला तो थांबणारा माणूस. आपल्याकडेही २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत हेच लिहिलंय. आपण डावीकडून चालतो, म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

(चौकाचा वरून दिसणारा नकाशा. ठिपके एकेक करून उमटतात.)

चार रस्ते सरळ एकमेकांना छेदतात तेव्हा गाड्यांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींत शिरतात. तिथंच एका लेनचा गोल टाकला की ८ उरतात. समोरासमोरची आणि काटकोनातली धडक तर जवळजवळ संपतेच, कारण सगळे एकाच दिशेनं फिरत असतात.

पण नुसता गोल घालून हे होत नाही. रस्त्याचं तोंडच थोडं वाकडं करावं लागतं, म्हणजे गाडीला वळावंच लागेल आणि वेग आपोआप उतरेल. वेग निम्मा झाला की धडकेतली ऊर्जा चौथाईवर येते. आपल्याकडं मात्र रस्ता सरळ चौकात घुसतो, मधे कठडा, हिरवळ, दिवे, आणि त्याच्यापुढं वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स. उजवीकडून कोण येतंय ते बघायचं, तर तिथं कुणाचा तरी हसरा चेहरा असतो.

(एकेरी रस्त्याची पाटी. तिच्या शेजारून उलटी येणारी मोटारसायकल.)

दुसरं दुखणं एकेरी रस्त्यांचं. पाटी लावायला खर्च नाही, म्हणून ती लागते. मग दुकान समोर पन्नास पावलांवर आणि वळसा चार चौकांचा. या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "समोर दुकान दिसायलंय, अन् मी गावाला चक्कर मारून येऊ?" चूक त्याचीच. पण रोज शेकडो लोक तीच चूक करत असतील, तर पाटीकडंही एकदा बघायला हवं. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरानं २०११ मध्ये दोन एकेरी रस्ते पुन्हा दुहेरी केले. तिथं वर्दळ वाढली आणि अपघात मात्र कमी झाले. समोरून कुणी येऊ शकतं म्हटलं की पाय ॲक्सिलरेटरवरून जरा उठतो.

तरी भुसार लाईन उद्या दुहेरी करा असं मी म्हणणार नाही. तिथं एका बाजूला पोती उतरत असतात. ती पहाटेच उतरवून घेतल्याशिवाय दुहेरी म्हणजे दुहेरी कोंडी.

आणि गंजगोलाईचं काय? रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या जुन्या मार्गदर्शिकेनं गोलाची मर्यादा सगळे रस्ते मिळून ताशी सुमारे ३,००० वाहनांची धरली होती. पायी गर्दी फार असेल तिथं गोल नकोच, असंही जाणकार सांगतात. इथं तर सगळी गर्दी पायीच. ही जागा बाजारासाठी आखली होती, गाड्या फिरवण्यासाठी नव्हे. माझ्या मते थांबण्याच्या रेघा आणि वाकडी तोंडं बाहेरच्या चौकांना द्यावीत, आणि गाड्या शक्य तितक्या तिथूनच वळवाव्यात.

(कॅमेरा जमिनीलगत. चपला, चाकं, साडीचा काठ.)

एक आजी रस्ता ओलांडतायत. डाव्या हातात पिशवी. उजवा पंजा कमरेच्या उंचीवर, आडवा, गाड्यांकडं न बघताच पुढं धरलेला. छोटा हत्ती थांबतो. ऑटो थांबतो. एक मोटारसायकल थांबत नाही, तिला आजी एक शिवी देतात, जी आम्ही इथं कापली आहे. आणि मग त्या मिरचीच्या ओळीत शिरतात.