करडूच्या टाळ्या

(दृश्य : अंगणवाडीचा उंबरा, बाहेर चिमुकल्या चपला)

माण तालुक्यातली अंगणवाडी. ताई चित्र दाखवतात. "हे काय?"

चार वर्षांची पोरगी पटकन सांगते, "शेरडी!"

चित्राखाली छापलंय शेळी. ताई दुरुस्ती करत नाहीत. "व्हय, शेरडी. तुझ्या घरी हाय का गं?"

आणि थांबतात. उत्तर स्वतःच देऊन टाकत नाहीत. पोरगी अंगठ्यानं फरशी कोरते, छताकडं बघते. मग एकदम सुटते. "हाय. पाठ हाय, करडू हाय. करडू काल कुपात अडकलं हुतं. आज्यानं काढलं."

कूप म्हणजे काट्यांचं कुंपण. पाठ म्हणजे तरुण शेळी. हा शब्द शहरातल्या पदवीधरालाही सहसा ठाऊक नसतो. कधी, कुठं, कुणी, सगळं हिनं नीट सांगितलं. उद्या अक्षरं जुळवून ती 'करडू' वाचेल, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं कुपात अडकलेलं करडू उभं राहील. ज्याच्याकडं तो शब्दच नाही, त्याच्या हाती नुसता आवाज लागेल.

(दृश्य : टाळ्या वाजवणारी मुलं)

आता खेळ. शब्द म्हणायचा, तुकड्यागणिक टाळी. करडू : कर, डू. दोन टाळ्या.

लिहिताना अक्षरं तीन! मोठी माणसं इथं चुकतात, कारण आपण कानानं ऐकत नाही, डोळ्यांपुढचं लिखाण मोजतो. पोरं बरोबर असतात. शब्दाचे असे तुकडे कानाला कळू लागले, की पुढं अक्षराला आवाज चिकटवणं सोपं जातं.

शेजारच्या फलटणमध्ये मॅक्सिन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या भाषाअभ्यासक बाईंनी तिथल्या बोलीचा अभ्यास केला. पुढं १९८६ साली त्यांच्याच पुढाकारानं तिथं कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा उभी राहिली. मुलाच्या घरच्या बोलीला नावं ठेवून त्याला प्रमाण मराठी येत नाही. तो फक्त गप्प बसतो.

पालकांचा प्रश्न मात्र ठरलेला : "ताई, बाराखडी कधी?" पाटी कोरी दिसली की त्यांचा जीव खालीवर होतो.

(दृश्य : संध्याकाळ, चूल)

आजी भाकरी थापतेय. नात सांगते, "आज्जे, करडूला दोन टाळ्या."

"आन् भाकरीला गं?"

आजीचे हात परातीवर थांबतात. पोरगी ओठातल्या ओठात पुटपुटते. भाक... री.

दोन टाळ्या.