हातचा न घेणारी संख्या

फळ्यावर नऊ एक्के एका ओळीत लिहिलेले आहेत आणि त्यांच्याखाली पुन्हा तेच नऊ एक्के. १११११११११ या संख्येला तिनेच गुणायचे आहे. या गुणाकाराला पाढा लागत नाही. दर ओळीत तेच नऊ एक्के उतरतात, मात्र प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकते आणि नवव्या ओळीपर्यंत फळ्यावर खडूचा जिना उभा राहतो.

आता बेरीज. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक एक्का आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन; मधल्या स्तंभात नऊ, आणि तिथून पुढे पुन्हा एकेक कमी. कोणत्याच स्तंभाची बेरीज नऊच्या वर जात नाही, हातचा घ्यावा लागत नाही, आणि म्हणून स्तंभांची उंचीच जशीच्या तशी उत्तरात उतरते: १२३४५६७८९८७६५४३२१. दहावा एक्का जोडून पाहा. मध्ये दहा जमतात, हातचा येतो आणि उत्तर होते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झालेला असतो.

अशा संख्यांच्या कुळाला नाव दिले ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिकवणाऱ्या या शिक्षकाला ही कल्पना ज्या रेल्वे स्थानकावर सुचली, ते त्या वेळचे डेम्लो, म्हणजे आजचे डोंबिवली. म्हणून या 'डेम्लो संख्या'. त्यांची खूण अशी: मधला नऊ जागेवर ठेवा, डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ यांची बेरीज करा. ९९९९९९९९. मधला अंकच आठ वेळा उमटतो.

आता सतराही अंकांची बेरीज करू. ती ८१ भरते, आणि ८१ ने या संख्येला निःशेष भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले, हर्ष देणारी; वहीत हा भागाकार शेवटच्या शून्यापर्यंत स्वतः केलेल्या कोणालाही हे नाव पटेल. १९७५ मध्ये अमेरिकन गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांविषयी लिहिले आणि हे काम जगभर पोहोचले. पण ते मुळात उभे राहिले होते ते कागद-पेन्सिलीवर, शाळेतल्या बेरीज-गुणाकाराच्या बळावर.

अवयव पाडले की संख्येची आतली बांधणी दिसते. नऊ एक्के म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. त्यांचा वर्ग केल्यावर तिनाचा घात चार होतो, आणि ३७ व ३३३६६७ या मूळ संख्या प्रत्येकी दोनदा येतात. एकूण विभाजक ४५. वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते, कारण त्यांच्या जोड्या लावताना वर्गमूळ एकटे उरते; इथे ते १११११११११ आहे.

फळ्यावरचा शेवटचा भागाकार ८१ चा आहे. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तोही एक वर्गच आहे, १२३४५६७९ चा. या वर्गमुळातही चढणीवरचा आठ नाही.