पर्थ: वारा बघून आखलेला दिवस

(दृश्य: पहाट, कॉटस्लोचा किनारा)

सकाळचे सहा. जानेवारी, म्हणजे इथला ऐन उन्हाळा. पश्चिम ऑस्ट्रेलियाची राजधानी पर्थ जागी झालीय, पोहणारे पाण्यात उतरलेसुद्धा. समुद्र अगदी निवांत, कारण वारा जमिनीकडून येतोय. शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आठवतात? तसाच हा.

म्हणून पाहुण्यांना आमचं पहिलं सांगणं: इथे वारा बघून दिवस आखा. पोहायचं ते सकाळी, जीवरक्षकांनी रोवलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. ऊन चढायच्या आत सावली गाठा. हवा कोरडी, घाम जाणवत नाही. कातडी मात्र भाजून निघते.

(दृश्य: किंग्ज पार्क, खाली नदी)

४०० हेक्टरांचं हे उद्यान, त्यातलं बरंचसं मूळचं रान. खाली स्वान नदी. १६९७मध्ये डच दर्यावर्दी व्लामिंगला तिच्यात काळे हंस दिसले, त्यावरून हे नाव. इथल्या मूळच्या नूंगार लोकांसाठी ती देर्बार्ल येरिगन. १८२९मध्ये इंग्रज वसाहत झाली, त्याच्या हजारो वर्षं आधीपासून हा त्यांचा मुलूख.

दुपार कलते आणि झाडं एकाएकी डोलू लागतात. ‘डॉक्टर आला!’ फ्रीमँटल बंदराकडून येणारा हा खारा वारा. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठते, तिच्या जागी समुद्रावरची गार हवा धावते. शहराचा ताप उतरवणारा, म्हणून ‘फ्रीमँटल डॉक्टर’. वाका मैदानावर स्विंग गोलंदाज याचीच वाट पाहायचे. फेब्रुवारी १९९२मध्ये तिथल्या उसळत्या खेळपट्टीवर १८ वर्षांच्या सचिनने ११४ धावा काढल्या. मराठी माणसाने त्या मैदानाच्या दारापर्यंत तरी जावंच.

(दृश्य: फेरीबोट, रॉटनेस्ट बेट)

एक अख्खा दिवस रॉटनेस्टला द्या. फ्रीमँटलहून बोटीने साधारण अर्धा तास. बेटावर सायकल घ्यायची. मांजराएवढा, कांगारूच्या कुळातला क्वोका अगदी पायाशी येतो. त्याला हात लावू नका, खायला घालू नका.

पण हे बेट नूंगारांचं वाजेमप आहे. १८३८पासून कित्येक दशकं आदिवासी पुरुषांना, पोरासोरांनाही इथे कैदेत ठेवलं. ३७०हून अधिक जण इथेच मातीत आहेत. दफनभूमीपाशी सायकलवरून उतरा, थोडा वेळ थांबा.

(दृश्य: पुन्हा कॉटस्लो, संध्याकाळ)

सव्वासात. डॉक्टरचा जोर ओसरलाय. सूर्य हिंदी महासागरात टेकतोय. भारतात आत्ता पावणेपाच; हाच सूर्य दादर चौपाटीवरून बुडताना दिसायला अजून तासाहून जास्त अवकाश आहे.