सूर तोच, वाद्य दुसरं

(वरूड तालुक्यातल्या एका गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका गॅरेजवाल्यानं केलेलं भाषण, थोडं संपादित.)

मंडळी, येताना पारापाशी एका पोरानं मला अडवलं. यामाहाची आर-फिफ्टीन मोटारसायकल घेऊन उभा होता. म्हणे, "काकाजी, ७४०० आरपीएमले डिस्प्लेवर व्हीव्हीए येते, पण गाडीले काई झटका बसत नाई. खरंच आत काई होते, का नुसते अक्षरं दिसते?" आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, आणि व्हीव्हीए म्हणजे वेग वाढला की हवेच्या वॉल्व्हचं उघडणं बदलणारी सोय. तो पोरगा मागं बसलाय. आजचं बोलणं त्याच्यासाठीच समजा, बाकीच्यांनी ऐकून घ्यावं.

इंजिनात हवा आत घेणारा वॉल्व्ह असतो. ६००० आरपीएमला तो सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. आता यात्रेतली एसटी आठवा. मागून गर्दीचा रेटा असला की गाडी भरली असं वाटल्यावरही दार थोडं उघडं ठेवलं तर आणखी दहा जण आत घुसतात. पण तेच दार रिकाम्या स्टँडवर तसंच उघडं ठेवलं तर चढलेले खाली उतरून पान खायला जातात. हवेचं असंच आहे. इंजिन जोरात फिरत असेल तर हवेला रेटा असतो. पिस्टन वर यायला लागला तरी ती आत येतच राहते, म्हणून वॉल्व्ह उशिरा मिटलेला बरा. सावकाश फिरताना तो उशीर केला की आलेली हवा मागे ढकलली जाते आणि गाडी मरगळते. जुन्या इंजिनांना एकच काहीतरी निवडावं लागायचं.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्व्ह ढकलून उघडणाऱ्या उंचवट्यांची, कॅमची, फिरती दांडी, तीच ऑइलच्या दाबानं थोडी पुढेमागे फिरवायची. आजकालच्या बऱ्याच घरगुती गाड्यांत हेच असतं, आणि ते इतकं गुपचूप चालतं की कळतही नाही. दुसरा उपाय होंडानं १९८९ साली इंटेग्रात आणला, व्हीटेक. शाफ्टवर नेहमीच्या कॅमशेजारी आणखी एक उंच कॅम. आरपीएम वाढले की ऑइलचा दाब एक पिन सरकवतो, रॉकर, म्हणजे कॅमचा धक्का वॉल्व्हपर्यंत पोचवणारे हात, एकमेकांना जखडले जातात आणि वॉल्व्ह उंच कॅमच्या हुकमात जातात. वॉल्व्ह जास्त उघडतो, जास्त वेळ उघडा राहतो. १६०० सीसीत १६० अश्वशक्ती, तीही टर्बोशिवाय! आर-फिफ्टीनमध्येही दोन कॅमच आहेत, फक्त पिन ढकलायला विजेवर चालणारा सोलेनॉइड आहे.

मी शारजात गॅरेजमध्ये होतो तेव्हा होंडाची एस-२००० ही व्हीटेक गाडी यायची. दोन लिटरचं इंजिन, लाल रेघ, म्हणजे इंजिन फिरवायची शेवटची हद्द, ९००० वर. ६००० च्या अलीकडे ती गाडी अगदी गरीब गाय. पुढे गेली की बोनेटखालून असा खरखरीत, उघडा आवाज यायचा की अंगावर काटा.

इथं भजनी मंडळातले पेटीवाले बसलेत, त्यांना लवकर कळेल. चार सिलिंडरच्या इंजिनात ६००० आरपीएमला सेकंदाला २०० स्फोट होतात. म्हणजे जवळपास खालच्या सप्तकातली पांढरी पाच. ९००० ला ३००. सा धरलात तर हा बरोबर पंचम! पण कॅम बदलतो त्या क्षणी आरपीएम तेच असतात, म्हणून सूर चढत नाही. सूर तोच, फक्त पेटी थांबून सनई लागते. आणि ही सनई बरीचशी सायलेन्सरमधून नाही, पुढून, हवा ओढणाऱ्या एअर फिल्टरच्या डब्यातून वाजते.

आता झटक्याचं. "व्हीटेक लागला अन् पाठ सीटले चिकटली," असं सांगणारे मी शंभर ऐकलेत. माझं मत विचाराल तर त्यात अर्धी फसवणूक कानाची असते. दोन्ही कॅमची खेच जिथं सारखी होते, नेमक्या तिथं बदल केला तर झटका बसूच नये. जोराचा धक्का जाणवला तर बहुतेक वेळा त्याआधी इंजिन दमलेलं असतं. म्हणजे पोरा, तुझी गाडी बिघडलेली नाही, चांगली जुळवलेली आहे.

ऑइलचं मात्र ध्यानात ठेवा. एका कास्तकाराची व्हीटेक गाडी माझ्याकडे आली, "वर जातच नाई" म्हणून. त्यानं घरी पडलेलं ट्रॅक्टरचं जाड ऑइल घातलं होतं, आणि कॅम बदलणाऱ्या झडपेची बारीक जाळी गाळानं भरलेली. माझीही अक्कल अशी की मी आधी दोन दिवस प्लग आणि वायरिंगच तपासत बसलो. जाळी धुतली, बरोबर ऑइल घातलं, गाडी गायला लागली.

तर डिस्प्लेकडे पाहू नकोस. दुसऱ्या गिअरवर, गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर, सावकाश रेस वाढव आणि हवा ओढल्याचा आवाज कुठं बदलतो तेवढं ऐक. हेल्मेट घाल. आणि हे सांजेला करू नकोस, गुरं घरी येत असतात, बिचकतील.