४२९ कोटींच्या घरातली एक संख्या

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर एक संख्या लिहून घ्या: ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. पुन्हा सांगतो, सावकाश. चार, दोन, नऊ, चार, नऊ, सहा, सात, दोन, नऊ, सात.

ती बनते कशी? २ चा ३२ वा घात घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा. पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने सतराव्या शतकात अशा संख्यांची रांग मांडली. घातांक दर वेळी दुप्पट होतो: १, २, ४, ८, १६, ३२. त्यातून येतात ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि सहावी आपली ही. पहिल्या पाचही मूळ संख्या आहेत, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून त्यांना कशानेच निःशेष भाग जात नाही. पुढच्याही तशाच निघतील, असं फर्माला वाटत होतं. सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती.

१७३२ साली स्विस गणितज्ञ ऑयलरने दाखवून दिलं की सहावी मूळ नाही. तिला ६४१ ने भाग जातो, आणि भागाकार येतो ६७ लाख ४१७.

आता ६४१ वर पोचायचं कसं? एकेक मूळ संख्या घेऊन भागत बसलो, तर ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या समोर उभ्या राहतात. पण ऑयलरने पुढे सिद्ध केलं की हिचा कोणताही विभाजक ६४ च्या पटीहून एकाने मोठा असलाच पाहिजे. मग सुरुवातीच्या उमेदवार उरतात फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. त्यातली २५७ तर न भागताच वगळता येते. रांगेतल्या पहिल्या पाच संख्यांचा गुणाकार आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी भरतो. २५७ ने दोन्हींना भाग गेला असता, तर त्यांच्यातल्या फरकालाही, म्हणजे २ लाही, जायला हवा होता! राहिले चार भागाकार. हे तर हातानेही होतील.

मला स्वतःला याहून दुसरी वाट जास्त आवडते. आपली संख्या म्हणजे ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, हे उघडच आहे. पण ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्ग केला, तरी तीच येते. (२०,४४९ हा पुन्हा १४३ चा वर्ग, हे जाता जाता.) मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता आलीच, तर ती एकाच प्रकारे येते. इथे दोन प्रकार सापडले, म्हणजे संख्या मूळ नाही. विभाजक कोणता, हे ठाऊक नसतानाही निकाल लागला.

आणि तो २ ने कमी असलेला गुणाकार, २९५ ने संपणारा? भूमितीत त्याचा मान मोठा आहे. फक्त पट्टी आणि कंपास वापरून काढता येईल असा नियमित बहुभुज, म्हणजे सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेला, आणि बाजूंची संख्या विषम, तर आज ज्ञात असलेला सर्वांत जास्त बाजूंचा बहुभुज तितक्याच बाजूंचा आहे. सतरा बाजूंचा असा काढता येतो, हे जर्मन गणितज्ञ गाउसने १७९६ साली ओळखलं होतं. फर्माच्या रांगेत सहावी मूळ संख्या मिळाली, तर हा आकडा मागे पडेल. पण ६५,५३७ नंतर तशी एकही अजून सापडलेली नाही.