निबंधाआधी तक्ता: उपयोजित संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाची तयारी

मंडळी, प्रवेश अर्जाचा विषय निघाला की पहिला प्रश्न एसओपीचा येतो: हेतुनिबंध कसा लिहायचा? त्याच्याकडे मी जरा उशिरा येणार आहे. अनेक विद्यापीठांत आधी पात्रता तपासतात, आणि तिथे अडकलेला अर्ज निबंधापर्यंत पोहोचतच नाही. निबंध कितीही सुरेख असो, तो वाचणारं कुणी उरत नाही.

तत्पूर्वी 'उपयोजित' या शब्दाविषयी थोडं. कॅनडात डलहौसी आणि कॉन्कॉर्डिया या विद्यापीठांत 'मास्टर ऑफ अप्लाइड कम्प्युटर सायन्स' अशी पदवीच आहे. जर्मनीत याच अर्थाचा 'अँगेवांड्टे इन्फॉर्माटिक' हा शब्द अनेक विद्यापीठांत दिसेल. नावं सारखी असली तरी आतला माल वेगळा असतो. एखादा अभ्यासक्रम निव्वळ विषय आणि इंटर्नशिप यांवर उभा असतो, एखाद्यात प्रबंध सक्तीचा असतो, तर एखाद्यात जीवशास्त्र किंवा अर्थशास्त्रासारखं उपयोजनाचं क्षेत्र सोबत घ्यावं लागतं. पुढे पीएच.डी. करायचा विचार असेल तर प्रबंध आहे की नाही हे आत्ताच पाहा. आणि दुसरं: 'उपयोजित' म्हणजे कुणालाही प्रवेश, असं नव्हे. काही अभ्यासक्रम इतर शाखांच्या पदवीधरांना पूरक विषय देऊन घेतात, काही संगणकशास्त्राच्या पदवीशिवाय अर्जच पाहत नाहीत. हे पात्रतेच्या पानावर लिहिलेलं असतं. माहितीपत्रकाच्या रंगीत पानांवर नसतं.

आता तक्त्याकडे. पात्रतेच्या नियमात विषयगटांनुसार किमान श्रेयांक (क्रेडिट) दिलेले असतील, तर कागदावर तितके स्तंभ आखा. गट साधारण असे असतात: गणित, सैद्धांतिक संगणकशास्त्र, प्रोग्रॅमिंग व सॉफ्टवेअर, आणि यंत्रणा. यंत्रणा म्हणजे संगणक रचना, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क. तुमच्या गुणपत्रिकेतला एकेक विषय उचलून एकाच स्तंभात टाका. तोच विषय दोन ठिकाणी मोजला की बेरीज फुगते, आणि तपासणारा ती फुगलेली बेरीज पहिल्याच नजरेत पकडतो. आलेख सिद्धांत गणितातही बसतो, सैद्धांतिकातही. ज्या स्तंभात तूट आहे तिथे तो ठेवा, पण त्याच्या अभ्यासक्रमातला मजकूर तसं म्हणत असेल तरच.

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो विषयांच्या नावांमुळे. 'अभियांत्रिकी गणित ३' या नावातून आत संभाव्यताशास्त्र आहे की विकलक समीकरणं, हे कुणाला कळणार? 'संगणक कार्यशाळा' या नावाला तर शून्य किंमत मिळण्याची शक्यता जास्त. म्हणून प्रत्येक विषयाचं अर्ध्या पानाचं वर्णन जोडा: घटक, तासिका, प्रात्यक्षिकं, पाठ्यपुस्तक. मजकूर विद्यापीठाच्या अधिकृत अभ्यासक्रमातूनच घ्या, स्वतः रचू नका. सिद्धांत आणि प्रात्यक्षिक यांचे श्रेयांक गुणपत्रिकेत वेगळे छापलेले असतील तर ते एकत्र दाखवा. नुसत्या सिद्धांताचे मोजले तर दोनेक श्रेयांक हकनाक जातात.

श्रेयांकांचं रूपांतर हा पुढचा खड्डा. युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत पूर्णवेळ वर्षाचे ६० श्रेयांक धरतात, आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचं काम. तुमच्याकडे वर्षाला ४० श्रेयांक असतील तर गुणक दीड. म्हणजे तुमचा ४ श्रेयांकांचा विषय तिथे ६चा. विद्यापीठाने स्वतःची रीत दिली असेल तर अर्थात तीच चालवायची. एक बारीक सापळा: पदवी आणि पदव्युत्तर मिळून ३०० श्रेयांक भरावेत अशी अपेक्षा जिथे असते, तिथे ९० श्रेयांकांच्या, म्हणजे तीन सत्रांच्या अभ्यासक्रमाला आधीचे २१० लागतात. तीन वर्षांची पदवी १८०वर थांबते. गुण उत्तम, विषय जुळलेले, आणि अर्ज मात्र तीस श्रेयांकांनी अपात्र! अशा वेळी त्याच विषयातला १२० श्रेयांकांचा अभ्यासक्रम शोधावा.

गुणांचंही तसंच. जर्मनीत 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांच्यातल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. तिथे १ सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. दहापैकी ८.२ असतील आणि उत्तीर्णतेची रेषा ४ असेल, तर उत्तर १.९. तीच रेषा ५ धरली तर २.०८. मर्यादा २.० असली की एवढ्यावरच निकाल फिरतो. तेव्हा उत्तीर्णतेचा किमान गुणांक गुणपत्रिकेच्या मागे छापला आहे का बघा. नसेल तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र घ्या. ऐनवेळी मिळत नाही ते.

आता निबंध. 'मला लहानपणापासून संगणकाची ओढ आहे' हे वाक्य खोडून टाका. ते अर्जदाराबद्दल काहीच सांगत नाही. उपयोजित शाखेत वाचणाऱ्याला हवं असतं ते हे: प्रश्न कुणाचा होता, डेटा कुठून आला, बंधनं कोणती होती, आणि कुठे मोडलं. समजा पानांच्या छायाचित्रांवरून रोग ओळखणारं मॉडेल केलं. 'अचूकता ९५ टक्के' एवढ्यावर थांबलात तर ती फुशारकी. एकाच झाडाची छायाचित्रं प्रशिक्षणातही होती आणि चाचणीतही, म्हणून आकडा फुगला. झाडांनुसार विभागणी केल्यावर तो किती खाली आला आणि मग काय बदललं, हे लिहिलंत तर तो अभियंत्याचा परिच्छेद झाला. शेवटी त्या विभागातले दोन विषय किंवा एखादा संशोधन गट तुमच्या कामाशी कसा जुळतो ते लिहा. विद्यापीठाचं नाव बदलून तोच परिच्छेद दुसरीकडे चालत असेल तर तो कच्चा आहे. (आणि नाव बदलायचं राहून गेलं तर काय होतं, हे सांगायला नको.)

गिटहबचा, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळाचा, दुवा देणार असाल तर रीडमी फाइलमध्ये प्रकल्प चालवायच्या पायऱ्या हव्यात. गटप्रकल्पात तुमचा वाटा कोणता, हे स्पष्ट हवं. पासवर्ड किंवा एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली) कमिटच्या इतिहासात, म्हणजे कोडच्या जुन्या नोंदींत, राहिली असेल तर नुसती फाइल पुसून भागत नाही. ती की रद्द करून नवी घ्या.

शिफारसपत्रांसाठी सहा आठवडे आधी विचारा. शिक्षकांना एक पानी टिपण द्या: कोणता विषय, कोणता प्रकल्प, कोणती मुदत. पोर्टलवर त्यांचा पत्ता म्हणून संस्थेचा ईमेलच द्या. खासगी पत्ते काही पोर्टल नाकारतात. पोर्टल शिक्षकांना दुवा कधी पाठवतं तेही तपासा. काही ठिकाणी तो अर्ज सादर केल्यावरच जातो, मग शेवटच्या रात्री अर्ज भरणाऱ्याचे शिक्षक काय करणार?

चाचण्यांचे निकाल किती काळ चालतात: आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या चाचण्यांचे २ वर्षं, जीआरई या पदव्युत्तर प्रवेशाच्या चाचणीचे ५ वर्षं. जीआरई सगळीकडे लागत नाही, आधी बघा आणि मगच पैसे भरा. 'मुदतीपर्यंत चाचणी दिलेली हवी' आणि 'मुदतीपर्यंत निकाल पोहोचलेला हवा' यांत फरक आहे. मुदतीची वेळही बहुधा विद्यापीठाच्या घड्याळाने असते.

पासपोर्ट, गुणपत्रिका आणि चाचणीचा निकाल यांवर नाव एकसारखं हवं. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि एकीकडे नाही, एवढ्यावर कागद वेगवेगळ्या माणसांचे ठरू शकतात. अंतिम सत्राचा निकाल बाकी असेल तर काही ठिकाणी सशर्त प्रवेश मिळतो. त्या पत्रातली तारीख लगेच आपल्या परीक्षा विभागाला दाखवा आणि पदवी प्रमाणपत्र तोवर निघणार नसेल, तर तात्पुरतं प्रमाणपत्र चालेल का, हे प्रवेश कार्यालयाला ईमेलने विचारून लेखी उत्तर जपून ठेवा.